ऑनलाइन सवलतीत पॉवर टूल घेताय? ऑर्डरच्या आधीपासून लोड टेस्टपर्यंतचा नेमका क्रम

ग्राइंडर किंवा ड्रिल मशीन ऑनलाइन घेणारे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी भाव बघतात, लगेच पैसे भरतात आणि आलेला बॉक्स काम निघेपर्यंत तसाच ठेवून देतात. मग पहिल्याच कामाला आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळतं आणि बिलाची शोधाशोध सुरू होते. तोवर परत करायची मुदत संपलेली असते, बिलावर भलत्याच फर्मचं नाव निघतं, आणि सर्व्हिस सेंटरवाला नेमप्लेट (मशीनवरची माहितीची पट्टी) बघून सांगतो की हे मशीन कंपनीचं नाहीच.

सवलतीच्या मालाला भरवशाची हमी एकच असते: परत करायची मुदत. कंपनीची वॉरंटी लागू होईलच असं नाही, आणि विक्रेता पुढच्या महिन्यात त्या साइटवर असेलच असंही नाही. म्हणून सगळी आखणी त्या सात-दहा दिवसांच्या हिशेबाने करायची. खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. उदाहरणादाखल मुख्यतः ४ इंची अँगल ग्राइंडर घेतला आहे, कारण डुप्लिकेट निघाला तर सर्वांत जास्त इजा तोच करतो.

## टप्पा १ : आधी मॉडेल नंबर, मग अ‍ॅप

‘हेवी ड्यूटी ग्राइंडर ८५० वॉट’ हे मॉडेल नाही, ती जाहिरात आहे. अ‍ॅप उघडायच्या आधी कंपनीच्या भारतातल्या वेबसाइटवर जाऊन पूर्ण मॉडेल नंबर कागदावर उतरवून घ्या. त्याच्यासमोर वॉट, आरपीएम (मिनिटाला फेरे), वजन, स्पिंडलचा (डिस्क बसते त्या दांड्याचा) आटा आणि बॉक्समध्ये काय काय येतं हेही लिहा. पुढच्या प्रत्येक तपासणीत हाच कागद लागणार आहे.

१०० मिमीच्या (४ इंची) ग्राइंडरला साधारणपणे एम१० आट्याचा स्पिंडल आणि १६ मिमी भोकाची डिस्क लागते. १२५ मिमीच्या (५ इंची) ग्राइंडरला एम१४ आटा आणि २२.२३ मिमी भोक. दुकानात आधीच ४ इंची डिस्कचा साठा असेल आणि सवलत बघून ५ इंची मशीन मागवलं, तर तो साठा वाया गेला.

कॉर्डलेस घेताना मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षरही बघा. मकिताच्या मॉडेलच्या शेवटी ‘झेड’ आणि डिवॉल्टच्या शेवटी ‘एन’ असेल तर ते नुसतं मशीन असतं, बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. ‘निम्म्या किमतीत कॉर्डलेस’ म्हणून फिरणाऱ्या कित्येक ऑफर खोट्या नसतात, त्या एवढ्याच असतात.

इशारा : १००० व्होल्टच्या इन्सुलेटेड पकडी आणि स्क्रू ड्रायव्हर, चेन पुली ब्लॉक, गाडीचा जॅक आणि ग्राइंडरच्या डिस्क या वस्तू अनोळखी विक्रेत्याकडून सवलतीत घेऊच नका. त्या फसल्या तर पैसे नाही, माणूस जातो, आणि घरी बसून त्यांची खात्री करून घेता येत नाही.

## टप्पा २ : सवलत एमआरपीवर नव्हे, बाजारभावावर मोजा

पॉवर टूलच्या बॉक्सवरची एमआरपी आणि दुकानात मिळणारा भाव यांत नेहमीच बरंच अंतर असतं. त्यामुळे ‘५५ टक्के सूट’ या आकड्याला काही अर्थ नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी किंवा तुमच्या तालुक्याचा अधिकृत डीलर, यांपैकी दोघांना फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: “या मॉडेलचा जीएसटीच्या पक्क्या बिलासकट भाव काय?”

समजा, उत्तर आलं २,४०० रुपये. ऑनलाइन तेच मॉडेल २,१०० ते २,२०० ला दिसत असेल, तर असा फरक सणासुदीच्या सेलमध्ये पडू शकतो. १,४०० ला दिसत असेल, तर त्याचं कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. सहसा कारण चारांपैकी एक असतं: डुप्लिकेट, दुरुस्त करून नवं म्हणून विकलेलं, परदेशी बाजारातलं मशीन, किंवा बॉक्समधलं सामान कमी.

वर्कशॉप जीएसटीत नोंदलेलं असेल तर हिशेब आणखी बदलतो. पॉवर टूलवर १८ टक्के जीएसटी आहे. २,४०० च्या बिलात मूळ किंमत २,०३४ आणि कर ३६६ रुपये. बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तर हे ३६६ रुपये इनपुट क्रेडिट म्हणून तुम्ही भरायच्या जीएसटीतून वळते करता येतात. मग बिलाशिवाय १,९०० ला मिळणारं मशीन प्रत्यक्षात जेमतेम १३४ रुपयांनीच स्वस्त पडतं, आणि वॉरंटी तर गेलीच.

## टप्पा ३ : विक्रेत्याची चौकशी

या टप्प्याला घाई करू नका. अर्धा तास जातो, पण निम्म्याहून अधिक फसवणूक इथेच टळते.

१. विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारा. मार्केटप्लेसवर माल साइटचा नसतो, विक्रेत्याचा असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा संपर्क दाखवणं बंधनकारक आहे. तो दिसत नसेल तर तिथेच थांबा.

२. ‘साइटच्या गोदामातून डिलिव्हरी’ याचा अर्थ नीट समजून घ्या. साठवण आणि पाठवण साइट करते, एवढंच त्याने कळतं. विक्रेता कंपनीचा अधिकृत डीलर आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. सर्वाधिक गैरसमज या एका शिक्क्याबद्दल आहे.

३. जीएसटी नंबर पडताळा. नंबर १५ वर्णांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढचे दहा वर्ण पॅनचे. जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये तो टाकला की फर्मचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. फर्म कुठल्या मालाचा धंदा करते याच्या नोंदीही बऱ्याचदा तिथेच सापडतात. नोंदणी गेल्या महिन्यातली, धंदा कपड्यांचा आणि विक्रीला ग्राइंडर, असं निघालं तर सोडून द्या.

४. कंपनीला विचारा. कंपनीच्या वेबसाइटवरच्या ग्राहकसेवेला ईमेल करून दोन गोष्टी विचारा: ही फर्म तुमची अधिकृत विक्रेता आहे का, आणि हिच्या बिलावर वॉरंटी मिळेल का? फोनवरचं ‘हो’ नंतर कामाला येत नाही, ईमेलमधलं येतं.

तपासा : ऑर्डर करताना पानावर जो विक्रेता आहे तोच कार्टमध्येही आहे ना? एकाच मॉडेलचे अनेक विक्रेते असतात. रंग किंवा पर्याय बदलला की विक्रेता गुपचूप बदलतो.

## टप्पा ४ : लिस्टिंग आणि रिव्ह्यू

रिव्ह्यू हे बहुधा वस्तूच्या पानावर जमा होतात, विक्रेत्याच्या नावावर नाही. चार वर्षांपूर्वी अधिकृत डीलरकडून घेतलेल्यांनी दिलेले पाच तारे आजच्या अनोळखी विक्रेत्याला फुकट मिळतात. कधी कधी तर मोबाइल कव्हरचे रिव्ह्यू ड्रिल मशीनच्या पानाला जोडलेले असतात. म्हणून ‘सर्वांत नवे आधी’ असा क्रम लावा, एक आणि दोन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचा, आणि ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंमध्ये नेमप्लेट शोधा. दोन ग्राहकांच्या फोटोंत एकच सीरियल नंबर दिसला तर माल डुप्लिकेट समजा.

शब्दही तोलून वाचा. ‘मकिता टाइप’, ‘बॉशला चालणारी’, ‘कम्पॅटिबल’ असे शब्द असतील तर वस्तू त्या कंपनीची नाही आणि विक्रेत्याने तसं सांगून हात झटकले आहेत.

व्होल्टेज बघायला विसरू नका. अमेरिकेच्या बाजारातलं मशीन १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टवर लावलं की मोटर काही क्षणांत जळते, आणि ‘चुकीच्या व्होल्टेजवर वापर’ म्हणून वॉरंटीही नाकारली जाते.

शेवटी परत करायची अट. ‘७ दिवसांत रिप्लेसमेंट’ म्हणजे मशीन बदलून मिळेल, पैसे नाही. डुप्लिकेटच्या जागी दुसरं डुप्लिकेट आलं तर तुम्ही तिथल्या तिथेच. काही लिस्टिंगवर ‘आधी सर्व्हिस सेंटरकडून दोष लिहून आणा’ अशी अट असते. जवळचं सर्व्हिस सेंटर ८० किलोमीटरवर असेल तर ती जाचक ठरते. या अटीचा स्क्रीनशॉट ऑर्डरच्या दिवशीच घ्या, नंतर पान बदलतं.

## टप्पा ५ : पैसे

पैसे साइटच्या आतच भरा. “थेट आमच्याकडून घ्या, आणखी १० टक्के कमी करतो” असा मेसेज आला की तो विक्रेता बाद. साइटबाहेर पैसे गेले की परत करायची मुदतही गेली. क्रेडिट कार्डवर वाद झाल्यास बँकेकडे चार्जबॅक (व्यवहार उलटवून पैसे परत) मागता येतो, यूपीआयवर पैसे परत आणणं जास्त अवघड. रक्कम मोठी असेल तर कार्डच वापरा.

इशारा : रिफंड मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. इंटरनेटवर शोधून सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर वापरू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की ते पुढच्या खात्यांत सरकतात.

## टप्पा ६ : बॉक्स आल्यावर

कामाच्या गडबडीत बॉक्स उघडायचं उद्यावर ढकलू नका. ओपन बॉक्स डिलिव्हरी (डिलिव्हरीवाल्यासमोरच बॉक्स उघडणं) असेल तर मशीन बघितल्यावरच ओटीपी सांगा. नसेल तर मोबाइलवर सलग, न कापलेला व्हिडिओ घ्या: आधी पार्सलचं लेबल आणि सहाही बाजू, मग सील कापणं, मग एकेक वस्तू, शेवटी नेमप्लेट जवळून. व्हिडिओत खंड पडला की त्याचं वजन कमी होतं.

मग मशीन न लावता हे बघा:

- बॉक्सचं लेबल. एमआरपी, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, ग्राहकसेवेचा संपर्क आणि आयात मालावर मूळ देश हवाच. ‘मेड इन चायना’ लिहिलंय म्हणजे डुप्लिकेट, असं नाही. नामांकित कंपन्यांची मशीनंही तिथे बनतात. आयातदाराचं नाव नसणं मात्र गंभीर.
- सीरियल नंबर. बॉक्स आणि नेमप्लेटवर एकच हवा.
- वजन. घरच्या काट्यावर मशीन ठेवा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडा. कंपनी वजन केबलसकट मोजते की केबलशिवाय, तेही बघा. मशीन २०० ग्रॅमने हलकं निघालं तर तांबं, लोखंड किंवा गिअर यांत कुठेतरी कपात झाली आहे.
- स्क्रू आणि चक. स्क्रूच्या खाचा घासलेल्या, सांध्यातून ग्रीस बाहेर आलेलं, चकच्या (बिट धरणाऱ्या भागाच्या) जबड्यांवर ओरखडे असतील तर मशीन आधी उघडलेलं आहे. कार्बन ब्रशचं (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्याचं) झाकण बाहेरून उघडत असेल तर ब्रश काढून बघा. नव्या मशीनचा ब्रश पूर्ण लांबीचा असतो.
- दुहेरी चौकोन. दोन पिनांचा प्लग असेल तर नेमप्लेटवर चौकोनात चौकोन ही डबल इन्सुलेशनची खूण हवी. धातूची बॉडी, दोन पिनांचा प्लग आणि खूण नाही, असं मशीन प्लगला लावूच नका. प्लगवर आयएसआय मार्कही असायला हवा.

बिलही याच वेळी बघा. त्यावर विक्रेत्याचं तेच नाव, तोच जीएसटी नंबर आणि पूर्ण मॉडेल नंबर हवा. ‘हार्डवेअर आयटम’ एवढंच लिहिलेल्या बिलावर सर्व्हिस सेंटर दाद देत नाही. करांच्या ओळीवरूनही बनावट बिल पकडता येतं. माल राज्यातल्या राज्यात आला तर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ टक्के लागतो, परराज्यातून आला तर आयजीएसटी १८ टक्के. दिल्लीहून (०७) साताऱ्याला आलेल्या मालावर एसजीएसटी दिसला तर बिल चुकीचं आहे.

तपासा : यातलं काहीही खटकलं तर मशीन सुरू करू नका, तसंच परत करा. एकदा वापराच्या खुणा पडल्या की विक्रेता त्यावरच बोट ठेवतो.

## टप्पा ७ : विजेची तपासणी आणि लोड टेस्ट

बाहेरची तपासणी पार पडली तरच इथे या, आणि आल्यावर टाळू नका. डुप्लिकेट मशीन रिकामं छान फिरतं, दम लोडवर सुटतो.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) असेल तर ५०० व्होल्टवर, मशीनचा स्विच चालू स्थितीत ठेवून, प्लगची पिन आणि मशीनचा धातूचा भाग यांच्यातलं इन्सुलेशन मोजून घ्या. डबल इन्सुलेटेड मशीनला कमीत कमी ७ मेगाओहम हवं. नव्या मशीनला ते याच्या कितीतरी पट येतं, त्यामुळे काठावरचा आकडासुद्धा वाईटच. पहिल्यांदा लावताना ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (वीज गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर लावा.

ग्राइंडर : सोबत आलेल्या फुकट डिस्कवर व्यास, कमाल आरपीएम आणि मुदतीचा महिना नसेल तर ती मोडून टाका. १०० मिमीच्या चांगल्या डिस्कवर ८० मीटर प्रतिसेकंद आणि सुमारे १५,३०० आरपीएम लिहिलेलं असतं, मुदत मधल्या धातूच्या कडीवर असते. गार्ड घट्ट बसवा, गॉगल घाला, डिस्कच्या रेषेत कुणी उभं नाही ना बघा, आणि एक मिनिट रिकामं फिरवा. हाताला झिणझिण्या आणणारं कंपन नको. मग २५ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) अँगलचे पाच-सहा तुकडे कापा, दोन कटांच्या मध्ये थोडं रिकामं फिरू द्या.

गिअरचं डोकं कोमट होणं ठीक. हवेच्या खाचांतून ब्रशपाशी बारीक निळ्या ठिणग्या दिसणंही ठीक. पण कम्युटेटरभोवती (ब्रश घासतात त्या तांब्याच्या गोल भागाभोवती) नारिंगी ठिणग्यांचं पूर्ण कडं फिरताना दिसलं, किंवा वाइंडिंगवरचं (मोटरमधल्या तारांच्या गुंडाळ्यांवरचं) व्हार्निश जळाल्याचा वास आला, तर लगेच बंद करा. ते वाइंडिंग जास्त दिवस टिकणार नाही. शक्य असेल तर याचाही व्हिडिओ घ्या.

ड्रिल : चकमध्ये सरळ ८ मिमी बिट घट्ट करून कमी वेगात फिरवा. टोक डोळ्यांना गोल फिरताना दिसलं तर चक किंवा स्पिंडल वाकडा आहे. मग हॅमर लावून काँक्रीटमध्ये पाच भोकं पाडा. बिट सारखं सैल होत असेल तर चक बाद.

## टप्पा ८ : कॉर्डलेसची बॅटरी

सर्वांत मोठे आकडे इथेच फुगवलेले असतात. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४.२ व्होल्टला जातो, म्हणजे पॅक २१ व्होल्ट. म्हणून ‘१८ व्होल्ट’, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘२१ व्होल्ट’ ही एकाच पॅकची तीन नावं आहेत. ‘४८’ किंवा ‘८८’ लिहिलेला पॅक पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर लावा. २१ च्या आसपास आकडा आला तर आत पाचच सेल आहेत आणि लेबल खोटं आहे.

क्षमतेचा अंदाज वजनावरून येतो. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर लिहिलेला पॅक वजनाला २ अँपिअर-अवरच्या पॅकइतकाच, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या घरात भरला, तर आत तेवढी क्षमता नाही. बॅटरी आणि चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाका. नाव जुळलं नाही किंवा क्रमांकच नसला तर परत करा. पहिली दोन चार्जिंग तुमच्या नजरेसमोर, फरशीवर, गादी-पडद्यांपासून लांब करा, रात्रभर लावून झोपू नका.

## टप्पा ९ : मुदत संपायच्या आत निर्णय

मशीन ठीक असेल तर त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर नोंदवा. नोंदणीला काही दिवसांचीच मुदत असू शकते, आणि सीरियल नंबर स्वीकारला गेला नाही तर तो स्वतःच डुप्लिकेटचा इशारा असतो. बॉक्स, थर्मोकोल आणि पिशव्या परतीची मुदत संपेपर्यंत फेकू नका.

ठीक नसेल तर परतीचं कारण नेमकं निवडा. ‘आवडलं नाही’ लिहू नका; ‘बनावट वस्तू’ किंवा ‘वर्णनापेक्षा वेगळी’ हे निवडून नेमप्लेटचा फोटो आणि व्हिडिओ जोडा. शक्य असेल तर सर्व्हिस सेंटरकडून ‘हे आमचं उत्पादन नाही’ असं लेखी घ्या.

साइटने दाद दिली नाही तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण अपेक्षित आहे. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरीही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा सहसा लागू होत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी मशीन घेणारा मिस्त्री किंवा फॅब्रिकेटर ग्राहकच धरला जातो. तक्रारीत तसं स्पष्ट लिहा, नाहीतर समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेतो.